ओढ्यावर तलाव बांधलेल्या मालकांना, ओढ्याकाठून

प्रति,
सोलापूर जिल्ह्यातील खासगी मातीच्या तलावांचे सर्व मालक

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी : मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, सोलापूर

मालक बंधू-भगिनींनो, नमस्कार.

रोहिणी नक्षत्र लागायच्या आत तुमच्या तलावाच्या बांधावर एकदा चालत जा, ही विनंती करायला हे पत्र लिहितो आहे. गाडीवरून चक्कर नको. माथ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला आणि परत येताना बाहेरच्या पायथ्यानं या. सध्या तळ्यात टिपूस नाही, बांधावर शेरडं चरत असतील आणि तुमचं सगळं लक्ष बाग जगवायच्या टँकरकडे असेल. तरीही जा. आपल्याकडचा मातीचा बांध फुटतो पावसाळ्यात, पण बिघडतो उन्हाळ्यात.

नोकरीत असताना मी लघु पाटबंधाऱ्याच्या कामांवर होतो. आता शेती करतो. सीना नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठाला आमची वस्ती आहे आणि वस्तीच्या वरच्या अंगाला, ओढ्यावरच, एका बागायतदाराचा खासगी तलाव आहे. बांध कसा घालतात ते मी जवळून पाहिलंय आणि बांधाच्या खाली राहणं काय असतं ते दर पावसाळ्यात घरादारासह अनुभवतो.

तुमच्या तलावांना माझा विरोध नाही. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. उजनीचा कालवा खालच्या रानातून जातो, माळावर चढत नाही. बोअर कितीही खाली नेला तरी धुरळाच वर येतो. अशा मुलखात सांगोल्याची डाळिंबं आणि कासेगावची द्राक्षं उभी राहिली ती पाणी अडवून धरणाऱ्या माणसांच्या जिद्दीवर. वरच्या तलावाच्या पाझरानं आमच्या विहिरीलाही दिवाळीनंतर पाणी टिकतं, हे मी विसरलेलो नाही. तलाव राहावा, भरावा आणि त्याखाली आम्हीही राहावं, एवढंच मागणं आहे.

आपण अडवतो ते पाणी किती, याचा हिशेब एकदा मांडू. पाच एकरांत पसरलेलं तळं, सरासरी खोली आठ फूट. पाणी झालं पन्नास हजार घनमीटरच्या आसपास, म्हणजे पाच कोटी लिटर. दहा हजार लिटरचे पाच हजार टँकर. बांधाला भगदाड पडलं की हे सगळं पाणी तासाभरात ओढ्यात उतरू शकतं. त्या ओढ्याच्या काठाला गोठे आहेत, ऊसतोड्यांच्या खोप्या आहेत, पोरांच्या शाळेची वाट आहे. पाणी ज्या वेगानं येईल त्या वेगानं माणसाला गोठ्यातली दावी सोडता येत नाहीत. बांध लहान आहे म्हणून धोका लहान, हा समज बांधाच्या उंचीकडे बघून होतो. खाली किती जवळ कोण राहतं, हे बघितलं की तो समज टिकत नाही.

कायद्याचं बघायला गेलं तर केंद्राचा धरण सुरक्षा कायदा २०२१ साली झाला. त्यात १५ मीटरपेक्षा उंच धरणं येतात. १० ते १५ मीटर उंचीची धरणं आली तर काही अटींवर येतात, उदाहरणार्थ माथ्याची लांबी किमान ५०० मीटर हवी किंवा साठा किमान १० लाख घनमीटर हवा. तुमचा माझ्या माहितीतला कुठलाच तलाव या मापात बसत नाही. पाच-सहा मीटर उंचीचा बांध, दोन-अडीचशे मीटर लांबी, पन्नास हजार घनमीटर पाणी. सरकारी धरणाची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी व्हायची पद्धत आहे. जिल्हा परिषदेच्या पाझर तलावाकडे निदान एखादा अभियंता कागदावर तरी नेमलेला असतो. तुमच्या तलावाला तुम्ही सोडून दुसरं कोणीही नाही. अभियंताही तुम्हीच, पहारेकरीही तुम्हीच आणि रात्री दोन वाजता खाली फोन करणाराही तुम्हीच. हे ओझं अंगावर आहे याची जाणीव बहुतेक मालकांना कोणी करून दिलेली नाही. बांध घालणारा पोकलेनवाला तासाचे पैसे घेऊन गेला, तो काही हे सांगणार नव्हता.

आता उन्हाळ्यात बांध बिघडतो म्हणजे काय होतं, ते सांगतो. आपली काळी माती पाणी धरायला चांगली, म्हणूनच बांधाचा गाभा तिचा करतात आणि बाहेरून मुरमाचं कवच देतात. पण खासगी कामात पुष्कळदा जी माती जवळ सापडली तीच सरसकट टाकलेली असते. वर मुरूम नाही, थराथरानं दाबणं नाही, पाणी मारून धुमस करणं, म्हणजे ठोकून घट्ट करणं, तर लांबच. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगाळते. आपल्या चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात बांध चार-पाच महिने कोरडा पडतो आणि त्याच्या माथ्यावर हात जाईल अशा भेगा पडतात. माथ्याच्या लांबीनं जाणाऱ्या भेगा वाईटच, पण तळ्याकडून बाहेरच्या बाजूला जाणाऱ्या आडव्या भेगा त्याहून वाईट, कारण ती पाण्याला तयार वाट असते.

पुढे काय होतं? जून-जुलैत चार शिंतोडे पडतात, भेगांची तोंडं वरून मिटतात. आत त्या तशाच राहतात. आपल्याकडे सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात, परतीचा. कोकणातलं धरण महिनाभर हळूहळू भरतं, माती भिजत जाते, फुगून भेगा बुजायला वेळ मिळतो. आपल्याकडे तळं ऑगस्टअखेर कोरडं असतं आणि एका रात्रीत काठोकाठ भरतं. मातीच्या धरणाची पहिली भरणी ही सर्वांत नाजूक वेळ, हे अभियांत्रिकीच्या पुस्तकात पहिल्या काही पानांत असतं. आपल्या जिल्ह्यात ही पहिली भरणी जवळपास दर वर्षी नव्यानं होते. म्हणून मला कोणी विचारलं की दुष्काळी भागात धरण फुटायची काय भीती, तर मी सांगतो, दुष्काळ हीच भीती आहे. पाऊस नसलेल्या तीन वर्षांनी बांधाची जी वाट लावलेली असते ती चौथ्या वर्षीच्या एका रात्रीत उघडी पडते. २०२० सालचा १४ ऑक्टोबर आठवा. पंढरपुरात घाटाची भिंत कोसळून सहा जण गेले, तोच दिवस. आणि २०२५ च्या सप्टेंबरात सीनेच्या पुरानं काय केलं ते माढ्या-मोहोळच्या माणसांना मी सांगायला नको.

म्हणून भेगा आत्ताच बुजवा. वरून माती लोटून पाणी शिंपडलं की भेग मिटल्यासारखी दिसते, मिटत नाही. भेगेच्या मागोमाग ती संपेपर्यंत चर खणायचा, आणि ओलसर माती सहा-सहा इंचांच्या थरानं टाकून धुमसानं ठोकायची. मातीला ओल किती हवी? मूठ आवळली की गोळा व्हावा आणि हाताला लगदा चिकटू नये, इतकी. दोन गडी, चार दिवसांचं काम आहे. माथ्यावर मुरमाचा अर्धा फुटाचा थर आणि बाहेरच्या उतारावर हरळी लावलीत तर पुढच्या उन्हाळ्यात भेगा निम्म्यावर येतील.

दुसरी गोष्ट सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट. हिच्यावर मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे, कारण इथे चूक अज्ञानानं होत नाही, लोभानं होते, आणि तो लोभ मला समजतो. एका मालकांना मी सांडव्याबद्दल बोललो तर ते म्हणाले, "पाणी काय रोज येतंय व्हय? आलेलं जाऊ कसं द्यायचं?" तीन वर्षं टँकरवर बाग जगवलेल्या माणसाच्या तोंडचं हे वाक्य आहे, त्याला मी हसणार नाही. पण दगड-मातीच्या धरणावरून पाणी गेलं की धरण जातं. सिमेंटच्या बंधाऱ्यावरून पाणी पडलं तर तो धुऊन निघतो. मातीच्या बांधावरून वीतभर पाणी तासभर वाहिलं तर बाहेरचा उतार कातरत कातरत माथ्यापर्यंत येतो आणि मग काहीही करता येत नाही.

किती पाणी येऊ शकतं, ते आकड्यात बघा. तुमच्या तलावाचं पाणलोट अडीचशे एकर धरू, म्हणजे एक चौरस किलोमीटर. त्यावर तासात पन्नास मिलिमीटर पाऊस झाला, जो आपल्याकडे परतीच्या पावसात होतो, आणि त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त पाणी वाहून आलं, तर ओढ्यातून सेकंदाला आठ घनमीटर पाणी तळ्यात शिरतं. हे पाणी सुखरूप बाहेर जायला सुमारे दहा मीटर रुंद सांडवा लागतो, त्यावरून दोन फूट पाणी वाहतं असं धरून. आणि त्या दोन फुटांच्याही वर बांधाचा माथा किमान तीन फूट मोकळा हवा. आता तुमच्याकडे काय आहे ते पाहा. मी पाहिलेल्या बऱ्याच तलावांना सांडवा म्हणून बांधात दोन फुटी दोन सिमेंट पाइप टाकलेले असतात. त्यांतून पुरेपूर दाबानंही दीड घनमीटरच्या आसपास पाणी जाईल. उरलेलं साडेसहा घनमीटर कुठून जाणार? वरून. आणि एक पाइप बाभळीच्या काटक्यांनी तुंबलेला असला तर विचारूच नका.

सांडवा बांधाच्या भरावात कधीच नको. तो कडेला, मूळच्या घट्ट जमिनीत, मुरमात किंवा खडकात कोरलेला हवा, आणि त्यातून निघालेलं पाणी बांधाच्या पायथ्याशी न येता लांबून ओढ्याला मिळालं पाहिजे. माथ्याची पातळीही मोजा. बांध सगळीकडे सारखा खचत नाही. ओढ्याच्या पात्रात, जिथे शेवटी घळभरणी केली, म्हणजे मोकळी ठेवलेली फट भरून ओढा अडवला, तिथे भराव सर्वांत उंच आणि बहुधा घाईत टाकलेला, म्हणून तिथेच तो जास्त बसतो. डोळ्याला सपाट दिसणारा माथा मध्ये फूटभर खाली असू शकतो, आणि पाणी पहिल्यांदा तिथूनच उतरतं. हे मोजायला कुठलं यंत्र लागत नाही. गवंड्याकडची पारदर्शक पाण्याची नळी आणि दोन पट्ट्या पुरतात.

सांडव्यावर मातीच्या गोण्या रचून दोन फूट जादा पाणी धरायचं, आणि तळ्यात रोहू-कटला सोडले की मासे पळू नयेत म्हणून सांडव्याला जाळी लावायची, हे दोन प्रकार आपल्याकडे सर्रास चालतात. १८८९ सालच्या मे महिन्यात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात जॉन्सटाउन नावाचं गाव वाहून गेलं, २,२०९ माणसं मेली. वरचं मातीचं धरण खासगी होतं, धनाढ्य लोकांच्या एका क्लबच्या मालकीचं. त्यांनी बग्ग्या नीट जाव्यात म्हणून माथा खाली घेतला होता, मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या होत्या, आणि पाणी खाली सोडायचे नळ आधीच्या मालकानं काढून विकले होते ते परत बसवले नव्हते. मोठा पाऊस झाला, जाळ्यांत पाला-ओंडके अडकले, सांडवा तुंबला, पाणी माथ्यावरून गेलं. त्या क्लबमधल्या कोणाच्याही मनात गाव बुडवायचं नव्हतं.

आमच्या वरच्या तलावावर २०२५ च्या सप्टेंबरात तेच व्हायच्या बेतात होतं. सांडव्यात गोण्या होत्या आणि गोण्यांपुढे जाळी. पाऊस संध्याकाळपासून लागलेला. मालक शहरात राहतात, रानात फक्त सालगडी आणि त्याची बायको. त्या बाईला झोप लागेना म्हणून ती बॅटरी घेऊन बांधावर गेली आणि तिनं पाहिलं की पाणी माथ्यापासून हातभर राहिलंय. तिच्याकडे आमच्या वस्तीचा एकच नंबर होता, तोही दूध घालण्यापुरता. त्या नंबरावर फोन आला म्हणून आम्ही वर पोचलो, जाळी विळ्यानं तोडली, चिखलात बसून गोण्या ओढून काढल्या. बायका-मुलांना तोवर शाळेच्या खोल्यांत नेलं होतं. पहाटे पाणी उतरायला लागलं. बांध टिकला. तो टिकला यात बांधाच्या मजबुतीचा वाटा किती आणि त्या बाईच्या जागरणाचा किती, हे मला नोकरीच्या अनुभवावरून चांगलं सांगता येतं. त्या मालकांशी मी नंतर बोललोय, भांडलेलो नाही. त्यांनी गोण्या पुन्हा रचणार नाही असा शब्द दिलाय. पण जिल्ह्यात असे तलाव अनेक आहेत आणि प्रत्येक बांधावर रात्री जाणारी बाई असेलच असं नाही.

तिसरी गोष्ट, बांधातून काढलेले पाइप. ठिबकला किंवा खालच्या विहिरीत पाणी न्यायला पुष्कळ जणांनी बांध तयार झाल्यावर जेसीबीनं चर मारून पीव्हीसी पाइप टाकलेत आणि वरून माती लोटून दिलीय. पाइपच्या गुळगुळीत अंगाला माती धरत नाही. पाणी पाइपच्या आतून जातं तसं बाहेरूनही जायला लागतं, पहिल्यांदा झिरपून, मग मातीचे कण घेऊन, आणि आतल्या आत पोकळी मोठी होत जाते. वरून काही कळत नाही. एके दिवशी माथा खचतो. आपल्या राज्याला पाइपचा आणि मोरीचा धडा फार महागात मिळालेला आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, काम अजून पूर्ण व्हायचं होतं, आणि पाणी सोडायच्या मोरीवरचा भराव खचत गेला होता. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली म्हणून फुटायला सकाळ झाली, नाहीतर पुण्यातली किती माणसं झोपेत गेली असती याची कल्पना करवत नाही. एवढ्या मोठ्या कामात मोरीनं घात केला, तिथे आपल्या जेसीबीच्या चराचं काय? पाणी काढायचंच असेल तर बांधाच्या माथ्यावरून वक्रनलिकेनं, म्हणजे सायफननं, काढा, नाहीतर तळ्यातून मोटारीनं उचला. आधी टाकलेला पाइप असेल तर त्याच्या बाहेरच्या तोंडाभोवती ओल आहे का, माती भुसभुशीत झालीय का, हे पाणी भरताना रोज बघा.

बिळांचंही बघा. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि वीसच्या आसपास माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधी केलेली होती. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचं सांगितलं आणि राज्यभर लोक संतापले. माझं म्हणणं वेगळं आहे. खेकडे बांध पोखरतात, घुशी पोखरतात, वाळवीही पोखरते. म्हणूनच बांधाला राखण लागते. बिळं दिसली की ती उकरून, माती ठोकून भरायची, हे काम दर वर्षी करायचंच असतं. बांधावर वेडी बाभूळ वाढू देऊ नका. बारीक आहे तोवर मुळासकट काढा. मोठी झाली असेल तर तोडून तसंच खोड ठेवू नका, कारण मुळं कुजली की त्यांच्या जागी बोटाएवढ्या, मनगटाएवढ्या नळ्या तयार होतात. खोड काढून खड्डा ठोकून भरायचा.

गाळाचं एक सांगून पुढे जातो. गाळ काढणं चांगलं, रानाला सोनं आहे. पण बांधाच्या आतल्या पायथ्याला चिकटून खणू नका. तिथे साचलेला गाळ तळाच्या मुरमावर पाणी अडवणारा थर बनलेला असतो. तो खरवडला की पाणी बांधाखालून वाट काढतं, आणि मग मालक म्हणतात, गाळ काढल्यापासून तळं पाणी धरीना. पाणी जमिनीत मुरत असेल तर फार बिघडत नाही, पण ते बांधाच्या बाहेरच्या पायथ्याला वर येत असेल तर बिघडतं. पायथ्यापासून निदान वीस-पंचवीस फूट जागा तशीच राहू द्या.

आता गळतीबद्दल. सगळीच गळती घातक नसते. मातीचा बांध थोडा पाझरतोच. बाहेर येणारं पाणी स्वच्छ असेल आणि तेवढंच राहत असेल तर त्याखाली डबा धरून, घड्याळ लावून, डबा किती वेळात भरतो ते वहीत लिहा. पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजा. तलावाची पातळी तीच आणि डबा लवकर भरायला लागला तर माणूस बोलवा. आणि पाणी गढूळ आलं तर वही बाजूला ठेवा, कारण आता बांधाची माती वाहून चालली आहे. अशा वेळी लोक बाहेरून चिखल थापून भोक बुजवतात. पाणी आतल्या आत अडतं, दाब वाढतो, आणि ते दुसरीकडून जास्त जोरानं फुटतं. बुजवायचं नाही. पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची. उमाळ्यावर आधी जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी, भोवती पोत्यांचं कडं. त्याच वेळी आतलं पाणी कमी करायला लागायचं, असतील तेवढ्या मोटारी चालू करायच्या, सांडव्यात काही अडकलं असेल ते काढायचं. जेसीबी बोलवून बांधच फोडायला जाऊ नका. फोडलेला बांध आपल्याला हवा तेवढाच फुटत नाही. आणि हे सगळं करायच्या आधी, पहिला फोन ओढ्याकाठच्या वस्त्यांना. दुसरा जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला, १०७७ वर, नाहीतर ११२ वर. बांध वाचवायच्या खटपटीत निरोप द्यायचा राहिला, असं होऊ देऊ नका.

वाळूचे दोन ब्रास, खडीचा एक ब्रास आणि शंभर रिकामी पोती पावसाळ्यात बांधाजवळ ठेवायला तुम्हाला परवडतं. ठिबकच्या एका एकराचा खर्च त्याहून जास्त आहे.

काही जण म्हणतील, तलाव माझ्या रानात, माझ्या पैशानं बांधला, मी बघेन. जमीन तुमची खरी. पण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या २० व्या कलमानं, दुसऱ्या कुणाचा हक्क नसलेले ओढे-नाले सरकारच्या मालकीचे आहेत. ओढ्यावर बांध घालताना परवानगी घेतली होती का, हा प्रश्न मी इथे उकरत नाही. परवानगी नसेल म्हणून कोणी तलाव लपवावा आणि तपासणी टाळावी, यापेक्षा वाईट काही नाही. पण फुटल्यावर जबाबदारी कोणाची, हे माहीत असू द्या. इंग्लंडमध्ये रायलंड्स नावाच्या गिरणीमालकानं गिरणीसाठी तळं बांधलं, पाणी शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरलं. १८६८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं ठरवलं की असं पाणी साठवणारा हलगर्जी नसला तरी नुकसानीला तोच जबाबदार. आपल्या देशात १८७४ साली निकाल जरा वेगळा लागला. मद्रास इलाख्यात कार्वेटिनगरच्या जमीनदाराचे तलाव फुटून रेल्वेचं नुकसान झालं. प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयानं, म्हटलं की या देशात तलाव राखणं हे जमीनदाराचं पिढीजात कर्तव्यच आहे, लोकांचं जगणं त्यावर अवलंबून आहे, म्हणून निष्काळजीपणा दिसला तरच तो जबाबदार. शेतकरी म्हणून मला हा दुसरा निकाल शहाणपणाचा वाटतो. तलाव असणं हा गुन्हा नाही, हे त्यानं मान्य केलं. पण मग सगळा प्रश्न एकाच गोष्टीवर येऊन थांबतो, की तुम्ही काळजी घेतली होती का. त्याचं उत्तर तोंडी चालत नाही. म्हणून एक दोनशे पानी वही घ्या. बांधावर कधी गेलो, काय दिसलं, काय दुरुस्त केलं, पाण्याची पातळी किती, डबा किती वेळात भरला, तारीख घालून लिहा. मोबाइलवर दर वेळी त्याच जागेवरून फोटो काढा. ती वही आमचा जीव वाचवेल, आणि उद्या काही झालंच तर तुमची बाजूही तीच सांगेल.

वहीच्या पहिल्या पानावर खालच्या प्रत्येक वस्तीतल्या दोन-दोन माणसांचे नंबर असू द्या, आणि तुमचा व सालगड्याचा नंबर त्यांच्याकडे. पूर्वा नक्षत्र लागायच्या आत, म्हणजे ऑगस्टअखेर, एकदा दोन्हीकडची माणसं बांधावर जमा. भेगा, सांडवा, पाइप सगळं मिळून बघा. आम्हाला तुमच्या मालकीत वाटा नको आहे. खोरी-पाट्या घेऊन आम्हीही येतो.

मा. जिल्हाधिकारी साहेब, प्रत आपल्याला पाठवतो आहे, कारण २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्ह्यातली धोक्याची ठिकाणं शोधून प्रतिबंधाचे उपाय करवून घेणं हे आपल्या प्राधिकरणाचं काम आहे. जिल्ह्यात ओढ्यांवर खासगी मातीचे बांध किती आणि कुठे, याची यादी करा. तलाठी आणि कृषी सहायक यांना ते सगळे ठाऊक आहेत, उपग्रहाच्या चित्रातही दिसतात. यादीत नाव आलं की दंड होणार, अशी भीती मालकांना वाटली तर यादी पुरी होणार नाही. म्हणून पहिल्या वर्षी फक्त नोंद आणि मोफत तपासणी ठेवा. जलसंधारण विभागाचा एक अभियंता तालुक्यात महिनाभर फिरला तरी ज्यांच्याखाली वस्ती आहे असे तलाव बघून होतील. सुरुवात तिथूनच करा. सांडवा वाढवायला आणि बांधाला मुरूम घालायला रोजगार हमीतून काही बसत असेल तर बसवा. आणि जिथे सांगूनही गोण्या आणि जाळ्या निघत नाहीत, तिथे आपल्या अधिकारानं काढायला लावा.

मालकांनो, आपल्या जिल्ह्यात मातीचा बांध टिकतो याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. सोलापूर शहराच्या उत्तरेला एकरुखचा, म्हणजे हिप्परग्याचा तलाव ब्रिटिश अमलापासून उभा आहे, मोहोळ तालुक्यातला आष्टीचाही. दोन्ही मातीचे. त्यांच्या सांडव्यांवर एकदा जाऊन उभे राहा, त्यांची रुंदी बघा. बांधणाऱ्यांनी पाण्याला जायला केवढी जागा ठेवली आहे, ते दिसेल. मग घरी येऊन तुमच्या दोन पाइपांकडे बघा.

माझ्याकडे पन्नास फुटी पाण्याची नळी आहे, पट्ट्या आहेत, आणि उन्हाळ्यात सकाळचा वेळही आहे. आमच्या ओढ्याच्या वर-खाली ज्यांचे तलाव असतील त्यांनी ग्रामपंचायतीत निरोप ठेवावा. माथ्याची पातळी मोजून देतो आणि सांडवा किती रुंद लागेल त्याचा हिशेब कागदावर मांडून देतो. पैसे घेणार नाही. सुरुवात या रविवारी आमच्याच वरच्या तलावापासून करतोय, मालकांनी यायचं कबूल केलं आहे.

आपला,
ओढ्याकाठचा एक शेतकरी